केंब्रिजचा मे आठवडा: एका विद्यापीठीय उत्सवाची घडण

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात दरवर्षी जूनच्या मध्याला, वार्षिक परीक्षा आटोपल्यावर आणि पदवीदानाच्या आधी, उत्सवाचे जे दिवस येतात त्यांना ‘मे आठवडा’ म्हणतात. हे दिवस पूर्वी मे महिन्यात, परीक्षांच्या तोंडावर येत असत आणि पुढे ते जूनमध्ये सरकले तरी जुने नाव टिकून राहिले. नावात आठवडा असला, तरी कॅम नदीवरच्या नौकाशर्यतींचे चार दिवस, त्यांच्या आगेमागे होणाऱ्या मैफली, विद्यार्थ्यांची नाटके, कॉलेजांच्या आवारात रात्रभर चालणारे नृत्यसमारंभ आणि परीक्षांच्या निकालांची घोषणा हे सगळे धरले तर हा काळ दहा-बारा दिवसांपर्यंत जातो. तरुणांच्या आनंदाचा हा सोहळा आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या घडणीचा इतिहास तपासला असता ध्यानात येते की क्रम लावण्याची आणि तो क्रम चारचौघांत जाहीर करण्याची विद्यापीठाची जुनी सवय या उत्सवाच्या मुळाशी आहे. गणितात पहिला कोण आणि नदीवर पहिले कॉलेज कोणते, हे साऱ्या गावासमक्ष ठरत असे. त्यामुळे या क्रमात कोणाचे नाव येऊ शकते, आणि आले तरी त्या स्थानाचे हक्क त्याला मिळतात की नाही, हा प्रश्नही पुन्हा पुन्हा उघड्यावर आला.

मे आठवड्याच्या कितीतरी आधी केंब्रिजला उन्हाळ्यातला एक विद्यापीठीय उत्सव ठाऊक होता. जुलैच्या आरंभी होणाऱ्या या ‘कमेन्समेंट’ नावाच्या समारंभात वरिष्ठ पदव्या दिल्या जात, पदवी घेणारे विद्वान आपल्याकडील शास्त्रार्थाची आठवण करून देणाऱ्या लॅटिन वादसभेत पक्ष मांडत, आणि संगीताबरोबर एक विनोदी भाषणही होई, ज्यात वक्त्याला खुद्द विद्यापीठाच्या धुरीणांची थट्टा करण्याची मुभा असे. १७१४ साली ग्रेट सेंट मेरी या चर्चमध्ये भरलेल्या समारंभात रॉजर लाँग यांनी केलेले असे भाषण उपलब्ध आहे. त्यात त्यांनी गावातल्या स्त्रियांची कैफियत मांडली आहे: त्यांना चर्चच्या अशा भागात कोंडून बसवण्याचे ठरले होते, जिथून त्यांना काही दिसणार नव्हते आणि त्याही कोणाला दिसणार नव्हत्या. भाषणाचा रोख हसवण्याचा असला, तरी विद्यापीठाच्या सोहळ्यात स्त्रियांनी कुठे बसावे हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता, एवढे त्यावरून निश्चित कळते. पुढे जेम्स गिब्ज या वास्तुविशारदाने रचलेली सिनेट हाऊस ही इमारत उभी राहिली आणि १७३० सालच्या कमेन्समेंटला तिथे मॉरिस ग्रीन यांनी संगीतबद्ध केलेले अलेक्झांडर पोप यांचे काव्य गायले गेले. परीक्षा, पदवीदान, निकालांचे वाचन आणि त्यांवरून होणारे वाद यांचे केंद्र तेव्हापासून हीच इमारत राहिली.

वादसभा मागे पडल्या आणि त्यांची जागा लेखी परीक्षेने घेतली, हा अठराव्या शतकातला बदल केंब्रिजच्या इतिहासात फार मोठा आहे. या परीक्षेला ‘ट्रायपॉस’ म्हणतात. वादसभेतला प्रश्नकर्ता ज्या तिवईवर बसत असे तिच्यावरून हे नाव आले, असे मानले जाते. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये उत्तीर्ण होणाऱ्यांचे तीन वर्ग असत: पहिल्या वर्गातले ते रँग्लर, दुसऱ्यातले सीनियर ऑप्टिमे आणि तिसऱ्यातले ज्युनियर ऑप्टिमे. प्रत्येक वर्गात नावे गुणानुक्रमे लावली जात, आणि सर्वांत वरच्या नावाला ‘सीनियर रँग्लर’ ही उपाधी मिळे, जिची कीर्ती वृत्तपत्रांतून देशभर पोचत असे. यादीच्या अगदी तळाशी असलेल्या विद्यार्थ्याला मित्रमंडळी पदवीदानाच्या वेळी लाकडी चमचा देत आणि हा चमचा सिनेट हाऊसच्या सज्जातून दोरीने खाली सोडला जाई. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांची इतकी जाहीर नोंद घेणारी दुसरी परीक्षा त्या काळात क्वचितच असेल.

मात्र क्रम गुणांवर आणि हक्क धर्मावर, अशी या व्यवस्थेची दुभंगलेली स्थिती होती. १८३७ साली सेंट जॉन्स कॉलेजचे जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हे दुसरे रँग्लर ठरले, परंतु ते ज्यू असल्याने आणि इंग्लंडच्या चर्चच्या धर्मतत्त्वांना मान्यता देणारी सही त्यांनी न केल्याने त्यांना पदवी मिळाली नाही. ती मिळायला १८७२ साल उजाडावे लागले, तोवर ते युरोपातले नामांकित गणिती झालेले होते. १८६९ साली न्यूमा हार्टोग हे ज्यू विद्यार्थी थेट सीनियर रँग्लर झाले. तेव्हा पदवीसाठीची धर्माची अट गेली होती, तरी कॉलेजच्या फेलोपदाला, म्हणजे निवास, वेतन आणि कारभारात मत असलेल्या सदस्यत्वाला, ती लागूच होती. ज्याला विद्यापीठाने स्वतःच सर्वांत श्रेष्ठ म्हणून जाहीर केले त्याला कॉलेजच्या पंक्तीत बसता येत नाही, ही विसंगती इतकी ढळढळीत होती की १८७१ च्या कायद्याने या धार्मिक अटी उठवण्याच्या चर्चेत हार्टोग यांचे उदाहरण निर्णायक महत्त्वाचे ठरले. हिंदू, मुसलमान आणि पारशी विद्यार्थ्यांनाही हा दरवाजा उघडला तो याच टप्प्यावर. १८७४ साली बंगालचे आनंदमोहन बोस हे पहिले भारतीय रँग्लर झाले.

क्रम लावण्याची हीच वृत्ती नदीवर अधिक देखण्या रूपात दिसते. सेंट जॉन्सचे ‘लेडी मार्गारेट बोट क्लब’ हे मंडळ १८२५ साली स्थापन झाले, १८२७ पासून कॉलेजांच्या नौकांच्या शर्यती सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठाचे नौकामंडळ उभे राहिले. कॅम नदी अरुंद आणि वळणांची असल्याने तिच्यावर नौका शेजारी-शेजारी धावू शकत नाहीत. त्यामुळे ‘बम्प्स’ नावाची एक निराळीच पद्धत रूढ झाली. आठ वल्हेकरी आणि एक सुकाणूधारी असलेल्या नौका एकामागे एक, सुमारे दीड नौकेच्या लांबीचे अंतर ठेवून, काठाला ओळीने लावल्या जातात. चार मिनिटे उरल्याची एक आणि एक मिनिट उरल्याची दुसरी अशी तोफ उडते, तिसऱ्या तोफेला सुकाणूधारी हातातली साखळी सोडतो आणि प्रत्येक नौका पुढच्या नौकेला गाठून धक्का देण्यासाठी, त्याच वेळी मागच्या नौकेपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी झेपावते. धक्का बसला की दोन्ही नौका काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागांची अदलाबदल होते. चारही दिवस रोज एक नौका मागे टाकणाऱ्या चमूला नावे रंगवलेले वल्हे मानचिन्ह म्हणून मिळते. सर्वांत पुढे राहणाऱ्या कॉलेजला ‘नदीचे अग्रस्थान’ लाभते.

या पद्धतीतली खरी विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. एका वर्षी चौथ्या दिवशी संध्याकाळी जो क्रम ठरतो, तोच पुढच्या वर्षीच्या पहिल्या दिवसाचा आरंभक्रम असतो. वल्हेकरी बदलतात, शिक्षण संपवून निघून जातात, पण कॉलेजची जागा तीच राहते, आणि एखाद्या कॉलेजला तळातून वर येण्यासाठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वल्हवावे लागते. परीक्षेचा क्रम व्यक्तीचा आणि एका दिवसाचा असतो, तर नदीवरचा क्रम संस्थेचा आणि दीर्घकाळाचा असतो. मे आठवड्याला जे सामूहिक रूप आले त्याचे श्रेय प्रामुख्याने नदीला द्यायला हवे, कारण एकट्या निकालाभोवती असा उत्सव उभा राहिला नसता.

हे वेगवेगळे धागे एकत्र विणले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यामागची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. १८४५ साली केंब्रिजला रेल्वे आली. विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून स्थानक गावाच्या मध्यापासून दूर ठेवले गेले, तरी लंडनहून आई-वडील, बहिणी आणि पाहुणे एका दिवसात येऊन शर्यती पाहू लागले. १८६६ साली ट्रिनिटी कॉलेजच्या नौकामंडळाने शर्यतींनंतर दिलेला नृत्यसमारंभ हा पहिला ‘मे बॉल’ मानला जातो. गणिताच्या ट्रायपॉसची परीक्षा तोवर जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत होत असे. १८८२ च्या नव्या नियमांनी तिचा मुख्य भाग उन्हाळी सत्राच्या अखेरीस आला आणि सीनियर रँग्लरचे नाव जूनमध्ये जाहीर होऊ लागले. त्याच सुमारास शर्यतीही मेमधून जूनमध्ये सरकल्या. आणखी एक बदल सहसा या संदर्भात सांगितला जात नाही, पण तो महत्त्वाचा आहे: १८८२ च्याच घटनादुरुस्तीने फेलोंना पदावर राहून लग्न करण्याची सर्वसाधारण परवानगी मिळाली. शतकानुशतके ब्रह्मचाऱ्यांचे राहिलेले हे गाव त्यामुळे संसारी झाले, कुटुंबे आली, घरी पाहुण्यांची सोय होऊ लागली आणि जूनच्या उत्सवाला यजमान मिळाले.

नाटक आणि संगीत या उत्सवात आपापल्या वाटेने आले. विद्यार्थ्यांचे ‘अमॅच्युअर ड्रॅमॅटिक क्लब’ १८५५ सालचे आणि विनोदी प्रयोगांसाठी पुढे जगभर गाजलेली ‘फुटलाइट्स’ ही मंडळी १८८३ सालची. फुटलाइट्सचा वर्षातला मुख्य प्रयोग मे आठवड्याशी कायमचा जोडला गेला. केंब्रिज युनिव्हर्सिटी म्युझिकल सोसायटी या संगीतमंडळाची स्थापना १८४३ ची, आणि तिच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८९३ च्या जूनमध्ये जो सोहळा झाला तसा केंब्रिजने पुन्हा क्वचितच पाहिला असेल. मंडळाचे संचालक चार्ल्स स्टॅनफर्ड यांच्या पुढाकाराने रशियाचे चायकोव्हस्की, फ्रान्सचे सँ-साँस, जर्मनीचे माक्स ब्रुख आणि इटलीचे बोइतो असे चार देशांचे संगीतकार एकाच मंचावर आले. नॉर्वेचे ग्रीग यांनाही निमंत्रण होते, पण आजारपणामुळे त्यांना येता आले नाही. १२ जूनच्या मैफलीत प्रत्येकाची रचना सादर झाली आणि १३ जूनला सिनेट हाऊसमध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देण्यात आली, ज्या वेळी विद्यापीठाचे अधिकृत वक्ते जॉन सँडिस यांनी प्रत्येकाचा गौरव लॅटिन भाषेत केला. त्याच समारंभात सन्मान स्वीकारणाऱ्यांत भावनगरचे महाराज होते, तसेच दुसऱ्या अफगाण युद्धातील मोहिमेमुळे ख्यातनाम झालेले आणि नुकतेच हिंदुस्थानच्या सरसेनापतीपदावरून परतलेले लॉर्ड रॉबर्ट्सही होते. त्याच उन्हाळ्यात काठियावाडचेच रणजितसिंहजी विद्यापीठाच्या क्रिकेट संघातून खेळत होते. विद्यापीठाच्या मुख्य संघातील खेळाडूला मिळणारा ‘ब्लू’ हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय. साम्राज्याची सावली या सोहळ्यावर किती गडद होती आणि तरीही गुणी माणसाला तिच्यातून वाट कशी काढता येत होती, हे या एका उन्हाळ्यात एकत्र पाहायला मिळते.

स्त्रियांची वाट याहून बिकट होती. गर्टन कॉलेज १८६९ साली आणि न्यूनहॅम १८७१ साली सुरू झाले, १८८१ पासून स्त्रियांना ट्रायपॉसच्या परीक्षेला रीतसर बसता येऊ लागले, पण त्यांची नावे पुरुषांच्या यादीनंतर स्वतंत्रपणे वाचली जात आणि ‘अमुक व अमुक या क्रमांकांच्या मध्ये’ अशा शब्दांत त्यांचे स्थान सांगितले जाई. पदवी मिळतच नसे. १८९० च्या जूनमध्ये न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेट यांचे नाव आले तेव्हा परीक्षकाला ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे वाचावे लागले आणि सिनेट हाऊस जयघोषाने दणाणून गेले. फिलिपा यांची आई मिलिसेंट या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या नेत्या होत्या, तर दृष्टिहीन असलेले वडील हेन्री फॉसेट हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि खासदार होते. हिंदुस्थानच्या तिजोरीवर लादल्या जाणाऱ्या खर्चाबद्दल ब्रिटिश संसदेत त्यांनी इतक्या चिकाटीने जाब विचारला की त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हटले जाई. क्रमातले सर्वोच्च स्थान गाठूनही फिलिपा सीनियर रँग्लर झाल्या नाहीत, कारण ती उपाधी पुरुषांच्या यादीची होती. सात वर्षांनी, २१ मे १८९७ रोजी, स्त्रियांना निदान नावापुरती पदवी द्यावी का यावर मतदान झाले. जुने पदवीधर विशेष गाड्यांनी लंडनहून आले, सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा सिनेट हाऊससमोर टांगण्यात आला, आणि सुमारे १,७०० विरुद्ध ६६० मतांनी ठराव फेटाळला गेला. ही घटना विद्यापीठाच्या इतिहासातील लाजिरवाणी घटना आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

त्या मतदानाच्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या गावचा एक विद्यार्थी सेंट जॉन्समध्ये गणित शिकत होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १८९६ साली केंब्रिजला आले होते. तिकडे त्यांच्या मागे पुण्यात प्लेगने आणि त्या निमित्ताने झालेल्या जुलमाने हाहाकार उडवला होता. १८९९ च्या जूनमध्ये यादी वाचली गेली तेव्हा पेंब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल आणि परांजपे या दोघांना मिळून सीनियर रँग्लर घोषित करण्यात आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. हिंदी माणूस पाठांतरात पटाईत असला तरी त्याला स्वतंत्र बुद्धी नसते, हा समज त्या काळी राज्यकर्त्यांत सर्रास होता. राज्यकर्त्यांच्याच सर्वांत कठीण परीक्षेने, त्यांच्याच सभागृहात आणि त्यांच्याच परीक्षकाच्या तोंडून तो खोटा पाडला, यात या घटनेचे ऐतिहासिक मोल आहे. जाहीर क्रमवारीचे अनेक दोष सांगता येतात, पण ज्याला अन्यथा कोणी मोजले नसते त्याला ती नाकारू शकत नाही, हा तिचा गुणही येथे मान्य करावा लागतो. १९०१ साली सेंट जॉन्सने परांजपे यांना फेलोपद दिले. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेल्या शब्दानुसार ते पुण्याला परतले, अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले आणि १९०२ पासून दीर्घकाळ तेथील प्राचार्य राहिले. त्यांच्यामुळे ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत नावाआधी लावायची पदवीच होऊन बसला. पुढे गणेश सखाराम महाजनी यांनाही महाराष्ट्र ‘रँग्लर महाजनी’ म्हणूनच ओळखत राहिला.

परांजपे यांच्या यशानंतर दहाच वर्षांनी ही क्रमवारी संपली. तिच्या पाठीमागे हुशार मुले खासगी शिकवण्यांत पिळून निघतात आणि खऱ्या संशोधनाला पारखी होतात, असे जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांचे म्हणणे होते. १९०९ च्या यादीनंतर रँग्लरांची नावे वर्णानुक्रमे लागू लागली. शेवटचा लाकडी चमचा त्या वर्षी सेंट जॉन्सच्याच एका विद्यार्थ्याला मिळाला. तो नौकानयनपटू असल्याने त्याचा चमचा वल्ह्यापासून बनवलेला होता. चमचा या रूपाने सिनेट हाऊसमधून हद्दपार झाला, पण नदीवर तो आजही आहे, कारण चारही दिवस धक्का खाणाऱ्या चमूला ‘चमचे’ मिळाले असेच म्हणतात.

रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी १९२९ साली न्यूनहॅममधून गणिताची ट्रायपॉस पूर्ण केली. त्या वेळीही विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिलेले नव्हते. १९२१ च्या ठरावाने केवळ नावापुरती पदवी देऊ केली होती, आणि त्या मतदानानंतर उन्मत्त तरुणांनी न्यूनहॅमचे स्मारकद्वार मोडले होते. म्हणजे पिता जिथे सर्वोच्च स्थानी पोचला, तिथेच तीस वर्षांनी तीच परीक्षा देणाऱ्या मुलीला विद्यापीठाच्या कारभारात मत नव्हते. १९४८ साली हा भेद संपला. नदीवर स्त्रियांच्या नौकांच्या मे शर्यती सुरू व्हायला मात्र १९७४ साल उजाडले, आणि सुरुवातीला त्या आठऐवजी चार वल्हेकरणींच्या होत्या.

जाहीर क्रम बंद झाला तरी पहिले कोण आले हे गावाला कळतच राहिले. सिनेट हाऊसच्या सज्जातून नावे वाचताना सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याच्या नावाशी परीक्षक आपली टोपी किंचित उचलतो, अशी प्रथा पडली. १९५९ साली फिट्झविल्यम हाऊसचे जयंत नारळीकर सीनियर रँग्लर ठरले ते या अनधिकृत परंपरेत, आणि त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही केंब्रिजचेच रँग्लर होते. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांभोवती रचलेल्या त्यांच्या मराठी आत्मचरित्रात केंब्रिजला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अलीकडच्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचा आणि मानसिक ताणाचा विचार होऊन जाहीर यादीतून आपले नाव वगळून घेण्याची मुभा मिळाली, आणि २०२० साली कोविडच्या साथीत तर संपूर्ण मे आठवडाच झाला नाही. परीक्षेचा क्रम असा हळूहळू लोकांच्या नजरेआड होत असताना नदीवरचा क्रम मात्र पूर्वीइतकाच उघड आहे. चौथ्या दिवशी शेवटच्या तोफेनंतर जो तक्ता तयार होतो, त्याच्यावरूनच पुढच्या जूनमधील नौका काठाला लागतात.